वीज गेली तरी नोंद राहिली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवीन वर्ष जवळ आले की डायऱ्या आणि दिनदर्शिका वाटण्याचा हंगाम सुरू होतो आणि गेल्या काही वर्षांपासून त्याच सुमारास हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनायझरच्या जाहिरातीही वाढतात. आपल्या रविवारच्या पुरवणीत या यंत्रांविषयी आलेली माहिती मी लक्षपूर्वक वाचली. कॅमेरा किती क्षमतेचा आहे, गाणी किती मावतात, पडद्यावर रंग किती दिसतात, याचा तपशील तीत भरपूर होता. परंतु ज्या कामासाठी एखादा नोकरदार किंवा छोटा व्यावसायिक दहा-बारा हजार रुपये बाजूला काढतो त्या कामाविषयी, म्हणजे तारखा, पत्ते, करावयाची कामे आणि टिपणे नीट सांभाळण्याविषयी, तीत जवळजवळ काहीच नव्हते. मी कल्याणला कर सल्लागार म्हणून काम करतो आणि असे यंत्र बरीच वर्षे रोज वापरत आलो आहे. त्या अनुभवावरून या वर्षअखेरीस मध्यम किमतीचा ऑर्गनायझर घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी सविस्तर लिहीत आहे.

प्रथम किमतींचे चित्र. असे ऑर्गनायझर बनवणाऱ्या अमेरिकेतील पाम कंपनीने या ऑक्टोबरमध्ये (२००५) दोन नवी यंत्रे आणली: ९९ डॉलरचे झेड-२२ आणि २९९ डॉलरचे टीएक्स. किमतीने त्यांच्या मधले, एप्रिलमध्ये आलेले टंगस्टन ई-२ हे २४९ डॉलरचे आहे. डॉलर ४५ रुपयांच्या आसपास धरला तर या किमती अनुक्रमे साडेचार हजार, साडेतेरा हजार आणि सव्वाअकरा हजारांच्या घरात जातात. आपल्याकडच्या दुकानात सीमाशुल्क, कर आणि विक्रेत्याचा नफा मिळून त्या आणखी वाढतात. याखेरीज २००३ साली १९९ डॉलरला आलेले टंगस्टन ई आणि २००४ मधले १४९ डॉलरचे झायर ३१ यांचा शिल्लक साठा दुकानदार सध्या उतरत्या भावात काढत आहेत. ग्राहकाची खरी फसगत होते ती येथेच, आणि हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

टंगस्टन ई आणि टंगस्टन ई-२ या दोन्हींच्या खोक्यावर मेमरीचा आकडा ३२ एमबी असाच आहे. पडदा दोन्हींचा ३२० बाय ३२० ठिपक्यांचा, आकार जवळपास सारखा, बाहेरून पाहिले तर दोघे सख्खे भाऊ. मग नव्यासाठी जास्त पैसे का मोजायचे, असा प्रश्न गिऱ्हाइकाला पडतो आणि काउंटरवरचा मुलगा त्याला ‘ब्लूटूथ नको असेल तर जुनेच घ्या’ असे सांगतो. वास्तविक या दोन ३२ एमबींमध्ये फार मोठा फरक आहे. जुन्या यंत्रातील मेमरीला आपला मजकूर धरून ठेवण्यासाठी सतत वीज लागते. यंत्र बंद दिसत असतानाही आतली बॅटरी ती थोडी थोडी वीज पुरवत असते. बॅटरी उतरत गेली की आधी यंत्र सुरू होणे थांबते, उरलेल्या विजेवर नोंदी आणखी काही काळ तग धरतात आणि त्यानंतर सगळ्या पुसल्या जातात. चार्जिंग करून यंत्र पुन्हा सुरू केले की ते नुकतेच खोक्यातून काढल्यासारखे कोरे असते. ई-२, टीएक्स आणि झेड-२२ यांमध्ये मात्र नोंदी फ्लॅश मेमरीत राहतात. बॅटरी पूर्ण संपून यंत्र आठवडेच्या आठवडे कपाटात पडले तरी चार्ज केल्यावर सर्व काही जागच्या जागी सापडते. या सोयीमुळे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना यंत्र कधीकधी क्षणभर अडखळते हे खरे, पण एवढी किंमत मोजायला माझी काहीच हरकत नाही.

अमेरिकेतल्या परीक्षणांत या मुद्द्याला फार जागा मिळत नाही, कारण तिकडे वीज जाणे ही रोजची गोष्ट नाही. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. यंदा महाराष्ट्रात भारनियमनाने काय हाल केले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. ग्रामीण भागात तर दिवसातले कित्येक तास वीज नसते. त्यात २६ जुलै आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला ही बातमी देशभर गेली, पण इकडे उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या पाण्याने कल्याण, उल्हासनगर आणि बदलापूर परिसरात जे केले तेही तितकेच भयानक होते. माझ्या परिचयाचे एक विमा प्रतिनिधी आहेत. त्यांचे छोटे कार्यालय तळमजल्यावर होते. संगणक पाण्याखाली गेला. ते स्वतः कुटुंबासह वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे राहिले. ऑर्गनायझर त्यांच्या खिशात सुखरूप होता. परंतु वीज काही दिवस आली नाही आणि तो जुन्या पद्धतीच्या मेमरीचा होता. वीज आली तेव्हा त्यात एकही नाव नव्हते. संगणकावरील प्रत पाण्याने गेली आणि हातातली प्रत विजेअभावी गेली. कोणाचा हप्ता कोणत्या तारखेला आहे, कोणाचा पत्ता बदलला आहे, कोणाचा दावा कुठवर आला आहे, हे सर्व त्यांना घरोघरी जाऊन, तेही चिखलाने भरलेल्या घरांमध्ये जाऊन, पुन्हा गोळा करावे लागले. ज्या दिवसांत त्यांच्या ग्राहकांना त्यांची सर्वांत जास्त गरज होती नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्याकडे कोणाचा दूरध्वनी क्रमांक नव्हता.

यावर कोणी म्हणेल की कागदी डायरी बरी. त्या पुरात कागदी डायऱ्याही लगदा होऊन गेल्या, म्हणून कागद आणि यंत्र यांत मी भांडण लावू इच्छित नाही. प्रश्न दुसऱ्या प्रतीचा आहे. कागदाची दुसरी प्रत रोज काढणे कोणालाच जमत नाही. यंत्राची जमते, आणि त्यासाठीच तर आपण यंत्र घेतो. पामच्या यंत्रांना संगणकाशी जोडून एक बटण दाबले की हॉटसिंक होते, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींशी ताडून सारख्या केल्या जातात. ही सोय उत्तम आहे. परंतु संगणक आणि ऑर्गनायझर एकाच छपराखाली असतील तर एकाच संकटात दोन्ही सापडू शकतात, हे जुलैने दाखवून दिले. म्हणून तिसरी प्रत एसडी कार्डावर असावी असे माझे ठाम मत आहे. टपालाच्या तिकिटाएवढे हे कार्ड यंत्राच्या खाचेत बसते, त्यावर सर्व नोंदींची प्रत काढून देणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात आणि ते कार्ड पाकिटात किंवा नातेवाइकांच्या घरी ठेवता येते.

या दोन कसोट्या, म्हणजे वीज संपली तरी टिकणारी मेमरी आणि कार्डाची खाच, एकत्र लावल्या की निवड बरीच सोपी होते. झायर ३१ ला खाच आहे, पण मेमरी जुन्या पद्धतीची. झेड-२२ ची मेमरी टिकाऊ आहे, पण त्याला खाचच नाही. शिवाय त्याचा पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा असल्याने चाळिशी लागलेल्या माणसाला दिवसभराच्या भेटी एका नजरेत वाचणे जड जाते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला वेळापत्रक ठेवण्यासाठी ते जरूर द्यावे. टीएक्समध्ये दोन्ही गोष्टी आहेत, त्याचा पडदा उभा लांब आहे आणि त्यात वाय-फाय आहे. मात्र ज्याच्या घरी किंवा कार्यालयात वाय-फाय नाही, आणि आपल्याकडे आज ते फारच थोड्यांकडे आहे, त्याने त्या सोयीसाठी दोन-अडीच हजार जादा देण्यात अर्थ नाही. राहिले टंगस्टन ई-२. वर्ड आणि एक्सेलच्या फायली उघडणारा प्रोग्रॅम त्याच्यासोबत येतो, पडदा स्वच्छ आहे, मेमरी टिकते, खाच आहे. कॅमेरा नाही, आणि तो नसावाच; अनेक कार्यालयांत आणि कारखान्यांत कॅमेरा असलेले यंत्र फाटकावरच ठेवून घेतात. माझ्यासारख्याला दैनंदिन कामासाठी हेच यंत्र योग्य वाटते. ज्यांचे कार्यालय संपूर्णपणे मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकवर चालते त्यांनी एचपीच्या आयपॅक या ऑर्गनायझरचाही विचार करावा, पण तेथेही आत विंडोज मोबाइल या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीची ५ वी आवृत्ती आहे ना, हे पाहूनच घ्यावे. त्या प्रणालीच्या आधीच्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या, पॉकेट पीसी नावाच्या यंत्रांत नोंदींचा भरवसा बॅटरीवरच असे.

आता वापराविषयी. पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी १९९६ मध्ये बाजारात आलेले कंपनीचे पहिले ऑर्गनायझर, पायलट, घडवण्यापूर्वी लाकडाचा एक ठोकळा खिशात बाळगला होता. कोणी भेटीची वेळ विचारली की ते तो ठोकळा काढून त्यावर लिहिल्यासारखे करून पाहत. यंत्र खिशात मावते का, ते काढून लिहिण्यात समोरच्या माणसाचा खोळंबा होतो का, हे त्यांना आधी जाणून घ्यायचे होते. त्याआधी १९९३ मध्ये ॲपलने न्यूटन हे ६९९ डॉलरचे यंत्र आणले होते. ते बरेच काही करू पाहत होते, पण खिशात मावत नव्हते, आणि १९९८ मध्ये ते बंद झाले. ऑर्गनायझर निवडताना ग्राहकानेही दुकानात हीच परीक्षा घ्यावी असे मला वाटते. विक्रेत्याला गाणे लावू देऊ नये. यंत्र हातात घ्यावे, उद्या सकाळी साडेदहाची एक भेट लिहावी, तिला गजर लावावा, एक नाव शोधावे आणि एक काम पूर्ण झाल्याची खूण करावी. उभ्या उभ्या, एका हातात पिशवी असताना हे जमले नाही तर ते यंत्र महिन्याभरात कपाटात जाईल.

अक्षरे लिहिण्याच्या पद्धतीबाबत एक खुलासा करतो. पामच्या जुन्या ग्राफिटी लिपीत बहुतेक प्रत्येक रोमन अक्षर पेन न उचलता एका फटक्यात लिहिले जाई. झेरॉक्स कंपनीशी चाललेल्या एकस्व हक्काच्या (पेटंटच्या) वादामुळे २००३ पासून ग्राफिटी-२ आली, तीत टी, आय, के, एक्स अशा काही अक्षरांना दोन फटके लागतात. जुनी सवय असलेल्यांना ते सुरुवातीला त्रासदायक होते, नव्याने शिकणाऱ्यांना मात्र ती कागदावरच्या अक्षरांच्या अधिक जवळची वाटते. काही दिवस रोज थोडा सराव केला की हात बसतो. आकड्यांसाठी उजवीकडे वेगळी जागा आहे, हे विक्रेते सांगत नाहीत आणि मग लोक दूरध्वनी क्रमांक लिहिताना वैतागतात.

माझ्या व्यवसायात या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखांसाठी होतो. रक्कम देतानाच कापलेला आयकर, म्हणजे टीडीएस, भरण्याची दर महिन्याची ७ तारीख एकदाच लिहिली की ती पुढे वर्षानुवर्षे आपोआप येत राहते. २००५ च्या नियमांनुसार व्यक्तींसाठी अग्रिम कराचे हप्ते १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला असतात. दर तीन महिन्यांनी अशी नोंद केली की १५ जूनही त्यात येतो, तो कंपन्यांना लागू असल्याने त्यांच्यासाठी ठेवायचा आणि इतरांसाठी तेवढा एक दिवस काढून टाकायचा. एप्रिलपासून राज्यात विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि वर्षानुवर्षे पाठ झालेल्या सगळ्या तारखा पुन्हा मांडाव्या लागल्या. छापील डायरीत खाडाखोड करण्यापेक्षा हे काम यंत्रावर किती सुकर झाले ते माझे सहव्यावसायिक जाणतात. गजर मात्र तारखेच्या दिवशी लावू नये, चार-पाच दिवस आधी लावावा, कारण अशिलाकडून कागद येण्यात आणि बँकेच्या रांगेत जाणारा वेळ कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही.

ग्राहकांचे पॅन क्रमांक, खाते क्रमांक यांसारख्या गोष्टी त्यात ठेवणार असाल तर त्या नोंदींवर ‘खासगी’ ही खूण करून सांकेतिक शब्द लावणे अत्यावश्यक आहे. ही सोय आधीपासून यंत्रातच असते, तरी फार थोडे लोक ती वापरतात. दुसऱ्याची माहिती आपल्या खिशात घेऊन लोकलच्या गर्दीत फिरणाऱ्याने एवढी जबाबदारी पाळलीच पाहिजे.

मराठीविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे करता येत नाही. पामच्या प्रणालीत देवनागरी नाही. नावे, गावे, टिपणे सर्व रोमन लिपीत लिहावी लागतात आणि मग चौधरी किंवा वैद्य यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला की शोधूनही नाव सापडत नाही. यावर माझा व्यवहारी उपाय एवढाच की आडनावाचे स्पेलिंग पॅन कार्डावर असेल तसेच ठेवायचे. परंतु हा उपाय झाला, उत्तर नव्हे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीने मिळून सिम्प्युटर या हातात मावणाऱ्या स्वस्त संगणकाची कल्पना मांडली, तेव्हा भारतीय भाषा हा तिचा पायाच होता. गेल्या वर्षी भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला अमिडा सिम्प्युटर सुमारे दहा हजार रुपयांपासून उपलब्ध झाला, म्हणजे किमतीने तो याच मध्यम गटात बसतो. पण तो बाजारात फारसा दिसत नाही आणि दैनंदिन डायरी म्हणून त्याच्याकडे कोणी गंभीरपणे पाहिले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. विंडोज एक्सपी असलेल्या संगणकावर आज युनिकोडमध्ये मराठी लिहिता येते, काही साध्या मोबाइलवरही देवनागरी दिसू लागली आहे. मग अकरा हजारांच्या ऑर्गनायझरमध्ये ती का नसावी, हा प्रश्न आपल्यासारख्या वृत्तपत्राने कंपन्यांच्या येथील प्रतिनिधींना विचारायला हवा.

मोबाइलमध्येच दिनदर्शिका असताना वेगळे यंत्र कशाला, असेही अनेकजण विचारतात. ज्यांच्या नोंदी थोड्या आहेत त्यांचे भागते. पण आकड्यांच्या कळा दाबून ‘अपील क्र. अमुक, उत्तर दाखल करणे, सोबत तीन जोडपत्रे’ अशी नोंद करून पाहावी, म्हणजे फरक कळेल. शिवाय न्यायालयात आणि आयकर कार्यालयातील सुनावणीत फोन बंद ठेवावा लागतो, आणि पुढची तारीख नेमकी तेथेच मिळते. दोन्ही एकत्र करणारे महागडे फोन निघाले आहेत व एक दिवस ते स्वस्तही होतील. आज ते मध्यम किमतीत बसत नाहीत.

हे लक्षात घेता, आज घेतलेले यंत्र कायमचे आहे असे समजू नये. सोनीने आपले क्लिए ऑर्गनायझर बंद केले. पामची प्रणाली बनवणारी पामसोर्स ही कंपनी जपानच्या ॲक्सेसने विकत घेतली आहे, आणि खुद्द पामने सप्टेंबरमध्ये विंडोजवर चालणारा ट्रिओ फोन जाहीर केला. म्हणून आपल्या नोंदी त्या यंत्रातून साध्या मजकुराच्या फायलींत बाहेर काढता येतात ना, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहावे. संगणकावरील पाम डेस्कटॉप या प्रोग्रॅममधून पत्ते आणि टिपणे अशा रीतीने काढता येतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत म्हणा, पत्त्यांची एक छापील प्रतही काढून ठेवावी.

खरेदी कोठून करावी याबद्दल थोडे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात भाव कमी मिळतो, तसेच अमेरिकेतल्या भाच्याकडून किंवा भावाकडून मागवले तर आणखी कमी पडतो. पण तिकडची हमी येथे चालेलच असे नाही आणि ई-२ ची बॅटरी आत कायमची बसवलेली असल्याने ती आपण स्वतः बदलू शकत नाही. बिल, भारतात चालणारी हमी आणि दुरुस्ती कोणत्या शहरात होते याचे लेखी उत्तर, या तीन गोष्टींसाठी हजारभर रुपये जास्त गेले तरी द्यावेत. कोल्हापूर, जळगाव किंवा अकोल्याच्या ग्राहकाने तर हे विशेष पाहावे, कारण त्याला दुरुस्तीसाठी मुंबई-पुण्याला यावे लागते.

आपणांस विनंती अशी की यापुढे पुरवणीत अशा यंत्रांची माहिती देताना प्रत्येकापुढे चार गोष्टी अवश्य छापाव्यात: बॅटरी पूर्ण संपल्यास नोंदी राहतात किंवा नाही, कार्डाची खाच आहे किंवा नाही, दुरुस्ती राज्यात कोठे होते आणि देवनागरी चालते किंवा नाही. आणि रविवारच्या मजकुरात टंगस्टन ई व ई-२ यांच्या मेमरीचा आकडा शेजारी शेजारी सारखाच छापून आला आहे, त्याखाली वर सांगितलेल्या फरकाचा खुलासा शक्य झाल्यास येत्या अंकातच द्यावा, कारण जुन्या साठ्याची विक्री सध्या जोरात आहे आणि बहुतेकांची खरेदी १ जानेवारीपूर्वी होऊन जाईल.

आपला विश्वासू,
एक कर सल्लागार, कल्याण (पश्चिम)
डिसेंबर २००५